शुगरवाल्या माणसाचा राग: आधी घड्याळ बघा

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमान ४९ वर्षांचे, आठ वर्षांपासून मधुमेह, अंबडच्या कंपनीत नोकरी. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ चालू. संध्याकाळी सात-साडेसातला घरी आले की कशावरूनही भडकतात. गेल्या महिन्यात ताट भिरकावलं, मुलगी घाबरून शेजारच्या काकूंकडे पळाली. तासाभराने जेवून शांत झाल्यावर ते "मी असं केलं?" म्हणून विचारत बसले. शिवाय रविवारी दुपारी पैशांवरून भांडणं होतात, ती वेगळी. तीन महिन्यांची शुगर ७.१ आली म्हणून डॉक्टर "छान आहे" म्हणाले. सासूबाई म्हणतात, "शुगरमुळे होतं गं, समजून घे." ताईंचा प्रश्न एवढाच आहे: किती समजून घेऊ?

ताई, मी बावीस वर्षं सातारा भागात मधुमेहाचे रुग्ण बघते आहे. तपासणीच्या खोलीत नवरा समोर बसतो, बायको मागच्या खुर्चीत. नवरा म्हणतो, "काही त्रास नाही," आणि बायको मागून मान हलवत असते. तिला हेच सांगायचं असतं, पण त्यांच्यादेखत कसं सांगणार? सुरुवातीची काही वर्षं मीही अशा बायकांना "समजून घ्या, आजारामुळे चिडचिड होते" एवढंच सांगून पाठवायचे. ते चुकीचं होतं. त्या उत्तराने ना राग कमी झाला, ना आजार नीट कळला.

तुमच्या यजमानांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांना नेमकं काय होतंय हे इथून ठामपणे सांगता येणार नाही. बरंच काही त्यांच्या गोळीच्या डोसवर, किडनीच्या रिपोर्टवर आणि दुपारच्या डब्यावर अवलंबून आहे. पण तुम्ही राग एकच धरलाय, आणि मला तुमच्या लिहिण्यात निदान दोन राग दिसतात. एक साडेसातचा, दुसरा रविवारचा. दोन्हींवर एकच औषध चालणार नाही.

आधी साडेसातचा. ते सकाळी सव्वासहाला चहा-बिस्किटं आणि गोळी घेऊन निघतात, साडेअकराला कँटीनमध्ये जेवतात, ओव्हरटाइम असला की थेट सातला सुटतात, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे दुपारच्या जेवणापासून घरी येईपर्यंत आठ तास पोटात चहापलीकडे काही नाही. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, आणि तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. तिचा परिणाम जवळजवळ दिवसभर राहतो. पोट रिकामं, अंगमेहनत चालू आणि गोळी आपलं काम करतेय, अशा वेळी रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते. त्यालाच आपण शुगर लो होणं म्हणतो. ५४ च्या खाली गेली की मेंदूच्या कामावर सरळ परिणाम होतो, कारण मेंदूला इंधन म्हणून मुख्यतः ग्लुकोजच लागतं आणि त्याचा साठा त्याच्याकडे जवळजवळ नसतो.

साखर घसरायला लागली की शरीर घाबरून अ‍ॅड्रिनलीन सोडतं. मारामारीच्या प्रसंगी छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो, ते याच रसायनामुळे. म्हणजे भांडण सुरू व्हायच्या आधीच अंग भांडणाच्या तयारीत असतं. त्याच वेळी स्वतःला आवरणारा, "जाऊ दे, आत्ता नको" म्हणणारा मेंदूचा भाग इंधनाअभावी मंदावलेला असतो. अशा माणसाला कुकरच्या शिट्टीचाही राग येतो. नंतर त्याला नीट आठवत नाही, हेही अगदी शक्य आहे. "मी असं केलं?" हे नाटकच असेल असं धरू नका.

मग ७.१ चं काय? ताई, तो आकडा सरासरीचा आहे. ७.१ म्हणजे साधारण १५७ ची सरासरी. संध्याकाळी ६० आणि रात्री जेवणानंतर २५४ असलेल्या माणसाची त्या दोन वेळांची सरासरीही १५७ च येते. रिपोर्टवर सगळं छान दिसतं आणि घरात ताटं उडतात. तुमच्या डॉक्टरांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्यांना साडेसातची गोष्ट कुणी सांगितलेलीच नसेल.

म्हणून आधी घड्याळ बघा. दोन आठवडे एक साधी वही ठेवा. ते किती वाजता चिडले, शेवटचं कधी खाल्लं होतं, घाम-थरथर होती का, किती वेळाने शांत झाले, एवढंच लिहा. कोण काय बोललं ते लिहू नका, नाहीतर ती वही आरोपपत्र होईल. घरात ग्लुकोमीटर असेल तर त्या वेळची साखर बघा. बोट धुऊन, पुसून मग टोचा; केळं किंवा आंबा खाल्लेल्या हाताने आकडा खोटा जास्त येतो. ते त्या क्षणी बोट पुढे करणार नाहीत याची मला कल्पना आहे. म्हणून शांत असताना ठरवून घ्या: घरी आल्यावर हातपाय धुतले की आधी मीटर, मग बाकी सगळं. राग आला म्हणून तपासणी केली तर ती अपमानासारखी लागते. रोजची सवय असली की लागत नाही.

या वहीने काय होतं त्याचं एक उदाहरण सांगते. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे यायचे. त्यांच्या बायकोने अशीच वही ठेवली आणि तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "डॉक्टर, हे गुरुवारीच जास्त चिडतात." गुरुवारी त्यांचा दत्ताचा उपवास असायचा. दिवसभर काही खायचे नाहीत, पण गोळी मात्र नेमाने घ्यायचे, कारण गोळी चुकवू नका असं मीच बजावलं होतं. उपवासाच्या दिवशी काय करायचं हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं, त्यांनीही सांगितलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सहाला साखर ५२ निघाली. उपवासाच्या दिवसाचा डोस बदलला आणि गुरुवारचा राग गेला. गावाकडच्या जमिनीवरून भावाशी होणारा तंटा मात्र तसाच राहिला, कारण तो साखरेचा नव्हताच.

आता चिडलेल्या त्या क्षणी काय करायचं. "तुमची शुगर लो झालीय का?" असं विचारू नका. लो झालेला मेंदू "नाही" असंच म्हणतो, आणि बायकोच्या तोंडून ते वाक्य "तुझं डोकं ठिकाणावर नाही" असं ऐकू येतं. कमी बोला. समोर उभं राहून बोलण्यापेक्षा बाजूला बसा, ग्लास हातात द्या आणि "आधी हे घ्या, मग बोलू" एवढंच म्हणा. तीन चहाचे चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी परत साखर बघा. ७० च्या वर गेली नसेल तर पुन्हा तेवढंच द्या. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. साखर वर आली की लगेच जेवायला वाढा, नाहीतर तासाभरात ती परत घसरेल.

इथे एक गोष्ट बऱ्याच घरांत माहीत नसते. गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव आहे का बघा. आपल्याकडे तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज सर्रास असतं. ते असेल तर घरातली साखर लवकर कामी येत नाही, कारण साखर फोडण्याची क्रियाच ते औषध मंद करतं. अशा घरात ग्लुकोज पावडरच हवी. डब्यावर "ग्लुकोज" लिहून ठेवा आणि मुलीलाही दाखवून ठेवा.

ग्लास ढकलून दिला तर जबरदस्ती करू नका. मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, गॅस बंद करा, गाडीची किल्ली नजरेआड करा. लो शुगरमध्ये रागाने गाडी काढून निघून गेलेला माणूस ही मला सगळ्यात जास्त भीतीची गोष्ट वाटते. तो झोपाळला, गिळता येईना, झटका आला, तर तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. या प्रकारच्या गोळीने साखर फार खाली गेली असेल तर सलाइनने शुद्धीवर आल्यावरही ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते. "आता बरे झाले" म्हणून लगेच घरी आणू नका.

साखर वर आली तरी डोकं ताळ्यावर यायला अर्धा-पाऊण तास जातो. मीटरवर ११० दिसलं म्हणून लगेच "बघा, तुम्ही कसे वागलात" सुरू करू नका. ते बोलणं करायचंच आहे, पण दुसऱ्या दिवशी. आणि करायचंच आहे, हेही तितकंच खरं. ताट उडालं, मुलगी घाबरली, हे त्यांना कळलं पाहिजे. लाजवण्यासाठी नाही. चार वाजता खिशातले फुटाणे का खायचे, हे त्यांना मुलीच्या भीतीतूनच कळेल, माझ्या तक्त्यातून कळणार नाही.

वही घेऊन डॉक्टरांकडे तुम्ही स्वतः जा, त्यांच्या सोबत. "चिडतात" असं सांगू नका, "संध्याकाळी सातच्या सुमारास साखर इतकी सापडली" असं सांगा. मग डॉक्टर डोस कमी करतील, गोळीची वेळ बदलतील किंवा वेगळ्या गटातलं औषध देतील. एकट्याने घेतल्यावर साखर सहसा फार खाली न नेणारी औषधं आता उपलब्ध आहेत. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, केली नसेल तर करायला सांगा. किडनीचं काम मंदावलं की जुनाच डोस अंगात जास्त वेळ राहतो आणि वर्षानुवर्षं मानवलेली गोळी अचानक लो करायला लागते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर तेही सांगा, कारण त्यात धडधड आणि थरथर दबून जाते आणि घाम तेवढा उरतो. शक्य असेल तर दंडावर लावायचा, सतत साखर मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर एकदा वापरून बघा. स्वस्त नाही, पण जेवणाच्या वेळा सारख्या बदलणाऱ्या माणसाचं खरं चित्र त्यात दिसतं. गोळी मात्र तुमच्या मनाने बंद करू नका.

आणि साडेसातला साखर ७० च्या वर, चक्क २८० सापडली तर? असंही होतं. जास्त साखरेचा आणि चिडचिडीचा संबंध लो इतका सरळ नाही. १८० च्या पुढे साखर लघवीतून जायला लागते, तहान वाढते, रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. झोप मोडते, त्यांची आणि तुमचीही. न झोपलेली दोन माणसं सकाळी डब्याच्या झाकणावरून भांडतात. हा राग भडकून विझत नाही, दिवसभर धुमसतो. शिवाय बरेच दिवस साखर खूप जास्त असलेल्या माणसाला ती १२० वर आली तरी लो झाल्यासारखं घाबरं वाटू शकतं. म्हणून अंदाजाने साखर चारत बसण्याऐवजी मीटर बघायचा.

आता रविवार. त्या दिवशी ते घरी असतात, वेळेवर जेवतात, आणि भांडण ठराविक विषयावरच होतं. हा राग साखरेच्या खात्यात टाकण्याची घाई करू नका. मी एक ठोकताळा वापरते. लो शुगरमधला राग माणूस बघत नाही. तो तुमच्यावर निघेल, मुलावर निघेल, सुपरवायझरवर निघेल, रिक्षावाल्यावरही निघेल. जो राग कंपनीत साहेबांसमोर मुकाट राहतो आणि घरात बायकोसमोरच उघडा होतो, त्याच्यामागे दुसरं काहीतरी असतं. ठोकताळा कधीकधी चुकतो, कारण काहींची साखर घरी असतानाच घसरते. म्हणून तो वहीशी ताडून बघायचा.

दुसरं काय असतं? पुष्कळदा आजाराचाच कंटाळा असतो. रोज गोळ्या, पथ्य, सुया, पायांची काळजी, भविष्याची भीती, आणि सुट्टी एका दिवसाचीही नाही. १९९५ मध्ये बोस्टनच्या जॉस्लिन डायबेटिस सेंटरमध्ये विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी हा ताण मोजण्यासाठी वीस प्रश्नांची यादी तयार केली. तिचं पुढे जगभर भाषांतर झालं. हे नैराश्य नसतं, पण मधुमेह असलेल्यांत नैराश्यही इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं. आणि आपल्याकडच्या पुरुषांत ते रडण्यातून दिसण्यापेक्षा खेकसण्यातून जास्त दिसतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, झोप-भूक बिघडली, "माझं काय राहिलंय आता" अशी भाषा सुरू झाली, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलले तर त्याच दिवशी सांगा.

एक विषय बायका माझ्याकडे दार लावून घेतल्यावरच काढतात. मधुमेहात पुरुषांना लैंगिक अडचण येणं फार सामान्य आहे. ते कुणाला सांगता येत नाही, बायकोला तर मुळीच नाही. मग जवळ येण्याआधीच भांडण उकरून काढायचं, म्हणजे प्रश्नच उरत नाही. "तुम्हाला मी नकोशी झाले" असं बायकोला वाटतं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटत असते. यावर उपचार आहेत. तो विषय तुम्ही काढू शकत नसाल तर डॉक्टरांना चिठ्ठी लिहून द्या, ते विचारतील. तसंच रात्री तळपायांची आग, जोराचं घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतल्याने कमी झालेलं बी-१२, थायरॉइड, संध्याकाळचं मद्य, हेही तपासून घ्या. उपाशीपोटी घेतलेलं मद्य साखर पहाटेपर्यंत खाली ओढू शकतं.

तुमच्याकडे बघून एक सांगते, आणि ते तुम्हाला आवडणार नाही कदाचित. तुम्ही लिहिलंय की गोडाचे डबे तुम्ही लपवून ठेवता आणि लग्नाकार्यात त्यांच्या ताटावर लक्ष ठेवता. काळजीपोटी करता, मला माहीत आहे. पण पन्नाशीच्या माणसाला चार पाहुण्यांत "अहो, जिलेबी ठेवा ती" असं ऐकावं लागलं की तो घरी येऊन चार जिलेबींचा राग काढतो. घरात सगळ्यांनाच भाकरी-पालेभाजी-डाळ वाढा, त्यांचं वेगळं ताट मांडू नका. त्यांना एकदाच विचारा: "मी कुठे लक्ष घालू आणि कुठे नको?" जे ते नको म्हणतील तिथे खरोखर गप्प बसा. हे अवघड आहे, पण माझ्या पाहण्यात याने रविवारची निम्मी भांडणं मिटलेली आहेत.

जाता जाता एक. नवऱ्याला शुगर असली की घर म्हणतं "आजारामुळे चिडतो." बायकोला शुगर असली आणि ती चिडली की घर म्हणतं "स्वभावच तसा." स्वयंपाक करून सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारी, गोळी मात्र वेळेवर घेतलेली बाई दुपारी तीनला कुणावर ओरडली, तर तिचीही साखर बघा.

आता सासूबाईंच्या "समजून घे" बद्दल. कारण समजून घ्या, पण मार सोसू नका. लो शुगरमध्ये एकदा ताट उडालं आणि कारण सापडल्यावर, डोस बदलल्यावर, पुन्हा उडालं नाही, ही एक गोष्ट. मीटरवर १४० असताना हात उगारला जातो, धमकी दिली जाते, तुमचे पैसे किंवा फोन काढून घेतला जातो, ही पूर्णपणे दुसरी गोष्ट, आणि तिला मधुमेहाशी जोडू नका. कारण लो शुगरचं असलं तरी तुमची आणि मुलीची सुरक्षितता आधी येते, त्या क्षणी तिला घेऊन बाहेर पडणं यात काही पाप नाही. तातडीने मदत लागली तर ११२, महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा शिवीगाळ, धमकी आणि पैशांची अडवणूक यांनाही लागू आहे, फक्त मारहाणीला नाही. आणि नुसतं मन मोकळं करायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तिथे त्यांच्याबद्दलच बोललं पाहिजे असं नाही, तुमच्या थकव्याबद्दलही बोला.

उद्यापासून इतकंच करा. ओव्हरटाइमच्या दिवशी डब्यात चार वाजताचं काहीतरी द्या, मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा अर्धी भाकरी, आणि खिशात ग्लुकोजची पुडी. घरी आल्यावर मीटर. वही सुरू. आणि मुलीला जवळ घेऊन सांगा की बाबांचा त्या दिवशीचा राग तिच्यामुळे नव्हता. ती शेजारी पळाली ते बरोबरच केलं, पुन्हा भीती वाटली तर पुन्हा जायचं, आणि काकूंना तुम्ही तसं सांगून ठेवलंय.